पाणकाठचे पक्षी आणि खाडीतले जीव : फोटो काढणाऱ्या सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विट्यात राहतो. थंडी पडली की सुट्टीचा दिवस मायणी, येरळवाडी किंवा सूर्याचीवाडीच्या तलावाकाठी जातो आणि वर्षातून दोन-तीनदा कोकणातल्या खाड्यांवर. कॅमेरा घेतलेली नवी मंडळी भेटली की तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

आपल्याकडे समुद्र नाही. चिखलातल्या पक्ष्यांसाठी कोकणातच जावं लागतं का?

नाही. खटाव-माण हा पर्जन्यछायेतला मुलूख, आणि त्यामुळेच इथले उथळ तलाव या पक्ष्यांना मानवतात. मायणीचा तलाव ब्रिटिश काळात चांद नदीवर बांधला, येरळवाडीचा येरळेवर आहे. पावसाळ्यात साठलेलं पाणी थंडीत हळूहळू ओसरतं आणि काठाकाठाने ओला गाळ उघडा पडतो. त्या गाळात किडे, अळ्या, शंख-शिंपले असतात. समुद्रकाठी ओहोटी रोज दोनदा जे करते, तेच आपल्याकडे चार महिन्यांत सावकाश होतं.

कुठला पक्षी कुठे सापडेल हे त्याच्या पायांवरून ओळखा. छोटा टिलवा चिमणीएवढा, तो पाण्याच्या अगदी कडेला, जिथे चिखल नुसता चकाकतो तिथे पळत असतो. तुतारी आणि चिखल्याही तिथेच. शेकाट्या लाल काटकुळ्या पायांवर वीतभर पाण्यात. राखी बगळा आणि चित्रबलाक त्याहून आत. चमचा चोच पाण्यात अर्धवट उघडी ठेवून डावी-उजवीकडे फिरवत चालतो. रोहित सगळ्यांच्या पलीकडे. म्हणून तलावावर गेल्यावर आधी कॅमेरा काढू नका, पाणी कुठे किती खोल आहे ते बघा.

रोहित नक्की कधी येतात? मी जानेवारीत गेलो तर एकही नव्हता.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो, ज्याला अग्निपंखही म्हणतात. आपल्या तलावांवर दिसतो तो मोठा रोहित. त्याचं खाणं मोठं विलक्षण आहे. तो मान खाली घालून डोकं उलटं करतो, पायांनी गाळ ढवळतो आणि चोचीतल्या जाळीतून पाणी गाळून बारीक जीव खातो. हे करायला पाणी उथळ लागतं. ज्या वर्षी परतीचा पाऊस जोरात होऊन तलाव सांडव्यापर्यंत भरलेले असतात, त्या वर्षी रोहिताला उभं राहायला जागाच नसते. आपल्या शेतकऱ्यांना जे वर्ष सुखाचं, ते रोहिताला अडचणीचं. अशा वर्षी तो उशिरा येतो किंवा दुसरा तलाव गाठतो.

त्यामुळे तारखेपेक्षा पाण्याची पातळी विचारा. मायणी-वडूज भागात कुणी ओळखीचं असेल तर एकच प्रश्न करा : गाळपेर सुरू झाली का? पाणी मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात, ती गाळपेर. ती सुरू झाली म्हणजे काठ उघडा पडला, आणि काठ उघडा पडला की पक्षी येतात. साधारण डिसेंबरअखेर ते मार्च हा काळ धरा.

थव्यात करड्या-तपकिरी रंगाचे काही पक्षी दिसतील. ती रोहिताची पिल्लं आहेत. गुलाबी रंग जन्मजात नसतो, खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे तो काही वर्षांत चढत जातो. फोटो गुलाबी आला नाही म्हणून संगणकावर रंग वाढवू नका, त्याने पक्ष्याचं वयच खोटं होतं.

पक्ष्याच्या किती जवळ जायचं?

याला मीटरमध्ये उत्तर देता येत नाही. पक्षीच ते सांगतो.

खाणारा पक्षी मान खाली घालून असतो. तुम्ही पुढे सरकलात आणि त्याने मान वर करून धरली, तर तुम्ही त्याला दिसला आहात. तिथेच थांबा, बसा. त्याने पुन्हा खायला सुरुवात केली तर ठीक. तो खाणं सोडून चालायला लागला, थवा एकमेकांजवळ गोळा झाला, किंवा सगळ्या माना एकाच दिशेने वळल्या, तर तुम्ही जास्त पुढे आला आहात आणि मागे यायला हवं. टिटवी ओरडायला लागली तर सगळ्या तलावाला तुमची बातमी जाते. तिच्या बाजूने कधीही शिरू नका.

हे मी पहिल्या वर्षी शिकलो नव्हतो. येरळवाडीला सकाळी पन्नासेक रोहित होते. मी उभ्यानेच चालत गेलो, अजून थोडं, अजून थोडं करत. थवा उडाला तेव्हा मी भराभर फोटो काढले. घरी बघितलं तर एकाही पक्ष्याचा डोळा फोटोत नाही, सगळे पाठमोरे. त्या दिवशी तो थवा परत उतरला नाही. माझ्यानंतर दोन शाळकरी मुलं वडिलांबरोबर खास रोहित बघायला आली होती, त्यांना मोकळं पाणी दिसलं. ते फोटो मी अजून जपून ठेवले आहेत आणि नव्या माणसाला आधी तेच दाखवतो.

उडवणं एवढं वाईट का, असंही लोक विचारतात. पक्षी उडणारच की! पण छोटा टिलवा जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा असतो आणि तो उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून आलेला असतो. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो. मार्च-एप्रिलमध्ये परत तेवढंच अंतर कापायचं, तर अंगावर चरबी चढायला हवी, आणि ती चढते ती याच चिखलात. प्रत्येक वेळी उडवलं की खाण्याचा वेळ जातो आणि साठवलेली ताकदही खर्च होते. रोहिताला तर पाण्यावरून पळत जाऊन उडावं लागतं. आपण एक आलो, आपल्यानंतर दुसरा, मग तिसरा; पक्ष्याला दिवसभर हेच.

मग जवळचा फोटो मिळतो तरी कसा?

पक्ष्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. उजाडायच्या आधी काठावर पोचा, जागा धरा आणि पोटावर झोपा. उभा माणूस पक्ष्याला दुरून कळतो; आडवा पडलेला, न हलणारा माणूस थोड्या वेळाने त्याच्या हिशोबातून जातो. टिलवे आणि चिखल्या काठाकाठाने खात सरकतात, तुम्ही त्यांच्या वाटेत आधीच असाल तर ते लेन्सला मावणार नाहीत इतके जवळ येतात. माझा कंठेरी चिखल्याचा सगळ्यात चांगला फोटो असा पाऊण तास गाळात पडून मिळाला आहे.

झोपून काढण्याचा दुसरा फायदा फोटोत दिसतो. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर येतो, मागचा चिखल-पाणी धूसर होतं आणि पक्षी मोकळा उठून दिसतो. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी चिखलाला चिकटल्यासारखा वाटतो.

खाली अंथरायला खताच्या पोत्याचा प्लॅस्टिकचा तुकडा पुरतो. कॅमेऱ्याखाली बीनबॅग हवी, ती विकत घ्यायची गरज नाही. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवा, त्यात दोन किलो शाळू भरा, तोंड शिवून टाका. कपडे मातकट रंगाचे घाला. पांढरा शर्ट आणि टोपी मात्र घरी ठेवा.

लेन्स कोणती घ्यावी? मोबाइलवर होईल का?

काठावरच्या पक्ष्यांसाठी ४०० मिमी ही सुरुवात, ६०० मिमी असेल तर उत्तम. लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर ४०० ची लेन्स साधारण ६०० सारखं दृश्य देते, त्यामुळे आपल्या कामाला तो स्वस्तातला कॅमेरा वाईट नाही. एवढे पैसे नसतील तर मोठ्या झूमचा जोडलेल्या लेन्सचा कॅमेरा जुन्यात बघा. मोबाइल दुर्बिणीच्या डोळ्याला लावूनही ओळखीपुरता फोटो येतो. आधी दुर्बीण घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण दहा वर्षं साथ देते आणि पक्षी बघायला शिकवते.

सेटिंग काय ठेवायची?

चालणाऱ्या, खाणाऱ्या पक्ष्याला शटर १/१००० ठेवलं तर डोकं हललं तरी चालतं. उडणाऱ्याला १/२०००, टिलव्यांच्या थव्याला त्याहून जास्त. अ‍ॅपर्चर उघडं, आयएसओ ऑटोवर. फोकस सतत चालू राहणारा आणि बिंदू पक्ष्याच्या डोळ्यावर.

खरी फसगत होते ती एक्स्पोजरमध्ये. गडद पाण्यावर पांढरा बगळा असला की कॅमेरा पाणी बघून फोटो उजळ करतो आणि बगळ्याची पिसं नुसती पांढरी चुन्यासारखी होतात. अशा वेळी एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). पांढरं एकदा जळलं की परत येत नाही, सावल्या नंतर उजळता येतात. शेकाट्याच्या अंगावर काळं आणि पांढरं दोन्ही असतं, तिथेही पांढरं सांभाळा. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा.

फेब्रुवारीतले माझे सगळे फोटो धुरकट का येतात? लेन्स खराब आहे का?

लेन्स ठीक आहे. आपल्या भागात फेब्रुवारीत नऊ-साडेनऊनंतर गाळ तापतो आणि वरची हवा लहरू लागते. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी हलल्यासारखं दिसतं, तेच हे. लांबच्या लेन्सने ते जास्तच दिसतं आणि कितीही महाग लेन्स घेतली तरी त्याला इलाज नाही. उजाडल्यापासून दोन तास काम करा, मग कॅमेरा बंद करून दुर्बिणीने बघा, नोंदी करा. संध्याकाळी शेवटचा तास पुन्हा आपला.

सकाळी पूर्वेच्या काठावर बसा, म्हणजे ऊन पाठीमागून येऊन पक्ष्यावर पडतं. वाराही बघा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि वाऱ्याच्या दिशेने तोंड करूनच उडतात-उतरतात. पाठीवर वारा आणि पाठीवर ऊन असा काठ मिळाला की उतरणारा पक्षी समोरून येताना मिळतो.

कोकणातल्या खाडीवर जायचं तर भरती-ओहोटीचं गणित कसं करायचं?

घाटमाथ्यावरची माणसं इथेच चुकतात. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून दाभोळ खाडी किंवा गुहागर. सांगलीहून कोल्हापूरमार्गे आंबा घाटाने रत्नागिरी. एवढा प्रवास करून पोचायचं आणि बघायचं तर भरती लागलेली, चिखल पाण्याखाली, पक्षी कुठेच नाहीत. किंवा उलट, ओहोटीने पाणी अर्धा किलोमीटर मागे गेलेलं आणि पक्षी ठिपक्यांएवढे.

घरातल्या दिनदर्शिकेवरून अंदाज बांधता येतो. कोकणातली जुनी रीत अशी : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे ४ × ¾ = ३, पूर्ण भरती साधारण तीन वाजता, पहाटे आणि दुपारी. दशमीला साडेसात. अमावस्या-पौर्णिमेला, म्हणजे १५ × ¾, सव्वाअकराच्या आसपास. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. जागेप्रमाणे फरक पडतो, खाडीत आत गेलं की वेळ आणखी पुढे जाते, म्हणून निघण्याआधी त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघाच. पण सुट्टी कुठल्या आठवड्यात घ्यायची हे ठरवायला ही रीत पुरेशी आहे.

पक्षी जवळ मिळतात ते चढत्या भरतीत, पूर्ण भरतीच्या आधीच्या दीड-दोन तासांत. पाणी एकेक पट्टा बुडवत येतं आणि खाणारे पक्षी त्याच्यापुढे काठाकडे सरकतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं, पक्षी जास्त जवळ येतात, पण तोवर ऊन डोक्यावर येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही आणि पक्षी लांबच राहतात. मी त्रयोदशी निवडतो. पूर्ण भरती पावणेदहाला, म्हणजे पावणेआठ ते सव्वानऊ पक्षी समोर आणि थंडीतलं ऊनही अजून मऊ. शिवाय आपला किनारा पश्चिमेचा, सकाळी जमिनीकडून समुद्राकडे बघताना ऊन पाठीशीच असतं.

पूर्ण भरतीला पक्षी एखाद्या उंचवट्यावर गर्दी करून, एका पायावर, चोच पाठीत खुपसून उभे राहतात. ती त्यांची झोपेची वेळ आहे. त्या थव्याकडे मुळीच जाऊ नका. सगळीकडे पाणी असताना त्यांना उतरायला दुसरी जागा नसते.

खाडीत पक्ष्यांशिवाय काय मिळतं?

पुष्कळ, आणि त्यासाठी मोठी लेन्स लागत नाही. कांदळवनाच्या कडेला, ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलात निवट्या बघा. हा मासा पाण्याबाहेर येऊन पुढच्या परांवर सरपटतो, डोळे डोक्यावर उभे. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचे पर पंख्यासारखे उघडतात. शेजारीच एक पंजा मोठा असलेले खेकडे. तो मोठा पंजा फक्त नराला असतो आणि तो हलवून तो मादीला बोलावतो. तुमची सावली पडली की सगळे बिळात. दहा-पंधरा मिनिटं पुतळ्यासारखं बसलं की एकेक जण बाहेर येतो. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना इथेच बसवा, रोहितापेक्षा इथे रमतील.

कांदळवनात मुळ्या चिखलातून वर आलेल्या असतात, त्या झाडाच्या श्वासाच्या मुळ्या. त्यावर पाय देऊ नका. चिप्पीच्या झाडाला, पांढऱ्या चिप्पीला, महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान दिला आहे.

खाडीचा चिखल आपल्या तलावासारखा नाही, तो ओढून घेतो. गावातल्या मच्छीमाराला विचारल्याशिवाय आणि एकट्याने त्यात उतरू नका. पाय अडकलाच तर ओढाताण न करता मागे बसा किंवा आडवे व्हा, वजन पसरलं की पाय मोकळा होतो. घरी आल्यावर ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुवा, कॅमेरा ओलसर फडक्याने पुसा. खारी हवा स्क्रू खाते.

मोठ्या संख्येने रोहित बघायचे असतील तर ठाणे खाडी. २०१५ मध्ये तिथे रोहित पक्षी अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. तिथे आपल्याकडे न दिसणारा छोटा रोहितही मोठ्या संख्येने असतो.

कृष्णाकाठी मगरींचे फोटो काढायचे आहेत. तिथेही पोटावर झोपायचं का?

मुळीच नाही. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि तिथली माणसं, जनावरं रोज त्याच पाण्यावर जातात. पाण्याच्या कडेला बसू नका, वाकू नका, दगडावर उभे राहू नका. थंडीत सकाळी ऊन चढल्यावर मगर मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या उतारावर ऊन खायला येते. पलीकडच्या उंच काठावरून लांबच्या लेन्सने फोटो काढा. तोंड उघडं ठेवून पडलेली मगर चिडलेली नसते, ती अंगाचं तापमान सांभाळत असते. उन्हाळ्यात ती काठावर अंडी घालते आणि घरट्याजवळच असते. त्या दिवसांत काठावरची झुडपं टाळा. आणि दगड मारून तिला हलवणारा कुणी दिसला तर त्याला तिथेच थांबवा. पुढच्या वेळी तीच बिथरलेली मगर घाटावर कपडे धुणाऱ्या बाईच्या समोर येते.

घरट्यांचे फोटो काढले तर चालेल का?

मी काढत नाही आणि कुणाला दाखवतही नाही. टिटवी, शेकाट्या, नदीसुरय उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर किंवा वाळूच्या बेटावर अंडी घालतात. आई-बाप अंड्यांवर बसतात ते त्यांना उन्हापासून वाचवायलाही. एप्रिलच्या दुपारी आपण दहा मिनिटं तिथे उभे राहिलो तरी अंडी तापतात, आणि कावळा आपल्यावर नजर ठेवून असतोच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी विचलित करणं शिकारीच्या व्याख्येत येतं, हेही लक्षात ठेवा.

परवानगी लागते का? ड्रोन उडवला तर?

मायणीचा परिसर २०२१ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे, तेव्हा वन विभागाच्या कर्मचाऱ्यांना भेटून, विचारूनच आत जा. गाळपेरीच्या रानातून जायचं असेल तर मालकाला विचारा. हरभऱ्यातून तुडवत जाणारा फोटोग्राफर दुसऱ्या वर्षी काठावर पोचत नाही. ड्रोन नको. पक्ष्यांच्या लेखी तो वरून येणारा शिकारी असतो आणि एका फेरीत अख्खा तलाव रिकामा होतो.

काढलेल्या फोटोंचं पुढे काय करू?

तारीख, तलाव, पाण्याची पातळी आणि अंदाजे संख्या लिहून ठेवा. चांगल्या फोटोबरोबर वाईट, पण ओळख पटणारे फोटोही ठेवा. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यात भाग घ्या.

आणि पायात कडी किंवा मानेत पट्टा असलेला पक्षी दिसला, तर सुंदर फोटोचा नाद सोडून त्या कडीचे फोटो घ्या. कडी कुठल्या पायात आहे, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, रंग कोणता, अक्षरं-आकडे कोणते. सुरुवातीला शटर १/२००० करा, पक्षी फिरेल तशी वेगवेगळ्या बाजूंनी दहा-वीस छायाचित्रं घ्या, कारण एका फोटोत एकच आकडा वाचता येतो. ते सगळे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. काही दिवसांनी उत्तर येतं : हा पक्षी अमुक साली, अमुक सरोवरावर पकडून सोडला होता.